कोच राजा

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसात अमेरिकन मॅनेजर डॉसनसाहेबांनी सहज विचारलं, "इथे कोणी बेसबॉल खेळलंय का?" आणि राजाभाऊंनी ऐटीत हात वर केला.

खेळली होती त्यांची बायको, अनुपमा. पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये ती पिचर होती, म्हणजे बॅटवाल्याला चेंडू टाकणारी. पण बायकोचं कौतुक 'आमचं' म्हणून सांगायची राजाभाऊंची सवय. ते म्हणाले, "वुई प्लेड, सर! कॉलेज बेसबॉल!"

साहेबांनी त्यांना मिठीच मारली. कंपनीतल्या मुलांची टीम जमली होती, कोच तेवढा मिळत नव्हता. "फ्रायडे मॉर्निंग. यल्ला, लेट्स गो, कोच राजा!" खुलासा करायला राजाभाऊंनी तोंड उघडलं, तोवर ऑफिसात टाळ्या सुरू झाल्या.

घरी अनुपमा पोट धरून हसली. "अहो, सांगून टाका ना साहेबांना!"

"आता कसं सांगू? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या गं! तू मला बेसिक शिकव, खलास."

तिने मोज्यांचा गोळा करून पॅसेजमध्ये शिकवणी सुरू केली. राजाभाऊंनी फेकलेला गोळा थेट आमटीत पडला. लेक आभा म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट गो."

पण शुक्रवारी जावंच लागलं. "कोच, शो अस!" मुलं ओरडली. राजाभाऊंनी क्रिकेटसारखा लांबलचक रनअप घेतला, हात गरकन फिरवला. चेंडू भलतीकडेच सुटला आणि साहेबांच्या हातातली कॉफी साहेबांच्याच शर्टावर उडवून गेला.

"अहो, हे काय चाललंय!" गाडीपाशी उभ्या अनुपमाला राहवेना. ओढणी कमरेला खोचून ती मैदानात आली. चेंडूची शिवण बोटांनी चाचपली, एक पाय उचलला आणि चेंडू फेकला. पलीकडच्या मुलाच्या ग्लव्हमध्ये फाडकन आवाज झाला. मुलगा ग्लव्हकडे बघतच राहिला.

राजाभाऊ मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता. 'परत खेळावंसं वाटतं का गं?' एवढंसुद्धा आपण कधी विचारलं नाही, हे आठवून त्यांना कसंसंच झालं.

"सॉरी सर," ते पुटपुटले. "मी नाही, माय वाइफ प्लेड."

"थँक गॉड!" शर्ट झटकत साहेब म्हणाले आणि कोचची शिट्टी अनुपमाच्या हातात ठेवली.

परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून खांदा चोळत होती.

"रागावलीस?"

"नाही हो. खांदा भरून आलाय." मग ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी लवकर निघू. सगळ्यांना आधी पळायला लावणार आहे."

सगळ्यांत आपणही आहोत, हे राजाभाऊंना पुढच्या शुक्रवारी कळलं. पोरांच्या मागून ते धापा टाकत मैदानाला फेऱ्या मारत होते. शिट्टी वाजली. लग्न झाल्यापासून 'अहो'शिवाय दुसरी हाक न मारणारी अनुपमा सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"राजा, गुडघे वर!"

राजाभाऊ लाजले आणि एक फेरी जास्तच पळाले.