सात चाव्यांचा राखणदार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की सुरतजवळच्या उधन्याची ती चाळ ओस पडायची. सगळे खानदेशात, आपापल्या गावी. जाताना सातही खोल्यांच्या चाव्या हिलालकडे. तो शेठच्या कापड कारखान्यातल्या लूमना तेल द्यायला मागे राहायचा, आणि चाळीत त्याला जो काही मान होता तो या चाव्यांमुळेच.

त्र्याण्णव साली मात्र या गृहस्थाला अवदसा आठवली. कारखान्यासमोरच्या चावीवाल्याकडे बसून तो तारेने कुलूप उघडायला शिकला. म्हणजे काय, एक जुनं, सैल कुलूप तीनदा उघडलं. एका तारेने दाब द्यायचा, दुसरीने आतल्या पिना एकेक करून उचलायच्या. झालं! हिलालला वाटलं, विद्या आली.

आता सरावाला कुलूप हवं. शेजारी बाबुरावाच्या दाराला चांगलं पितळी कुलूप होतं. चावी खिशातच होती, मग बिघडतंय कुठे? त्याने तारा घातल्या आणि दुसऱ्याच मिनिटाला एक आत तुटली. आता चावीही जाईना.

"काय करून राह्यले तुम्ही?" मागून बायको, सरलाबाई.

"काही नाही. कुलूप नीट लागलंय का बघतोय."

"तारेनं?"

शेवटी चावीवाल्यालाच आणलं. तो म्हणाला, "दुसऱ्याचं घर आहे. शेजारी साक्षीला उभा करा, मगच कापतो."

चाळीत शेजारी एकच उरली होती, पाय मुरगळल्यामुळे गावी न गेलेली पुष्पाबाई. ती लंगडत आली.

"म्हणजे तू बाबुरावचं घर फोडत होता?"

"फोडत नव्हतो मावशी, शिकत होतो."

"शिकूनच फोडतात ना रे बाबा!"

कुलूप कापलं, नवीन लावलं. आठवड्याने चाळ परतली आणि पिशव्या खाली ठेवायच्या आत पुष्पाबाईने सगळं सांगून टाकलं. कोणी भांडलं नाही. एकेकाने मुकाट्याने चावी मागून घेतली. पलीकडच्या खोलीतल्या रंजनाने तर दार उघडताच हंडे-कळशा मोजल्या, तेही मोठ्याने. हिलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस तो नळावरसुद्धा गेला नाही.

तिसऱ्या दिवशी बाबुराव पत्र्याची पेटी घेऊन दारात.

"हिलालभाऊ, या पेटीची चावी गावीच राह्यली. शिकलाच आहे तर उघड."

चाळ जमली. हिलाल खाली मान घालून बसला. अर्धा तास झाला, तास झाला. तीन तारा तुटल्या, बोट कापलं, घामाने सदरा भिजला. पेटी ढिम्म!

"अरे, याच्यानं साधी पेटी उघडत नाही," पुष्पाबाई ओरडली, "हा घर काय फोडणार? चाव्या याच्याकडेच ठेवा, बिनघोर!"

चाळ खो खो हसली. बाबुरावाने तिथल्या तिथे नव्या कुलपाची चावी पुढे केली, मागोमाग रंजनानेही. हिलालचे कान लाल झाले. हात काही पुढे होईना.

"घ्या की आता," सरलाबाई हळूच म्हणाली. "इतका विश्वास कोणी कोणावर ठेवत नाही."