मार खाणाऱ्याच्या बाजूने

टीव्हीवरच्या कुस्तीत सगळं जग जिंकणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतं. आमचे धनलालकाका आपटलेल्यासाठी वाजवत. आणि आपटलेला जितका लबाड, तितक्या टाळ्या जोरात.

फुलचूरला ते आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी, उर्मिला, केशोरीला दिलेली. गल्लीत रंगीत टीव्ही तेव्हा आमच्याकडेच. सहा वाजले की "बाई, लावता का जी?" म्हणत काका दारात हजर! मी शाळेत शिकवणारी. दिवसभर पोरांची भांडणं सोडवून घरी यावं, तर इथे दोन दांडगट एकमेकांच्या उरावर बसलेले. माझी मालिकाही नेमकी त्याच वेळेला. तिच्यातल्या सुनेचं पुढे काय झालं ते मला आजतागायत ठाऊक नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही.

इंग्रजी येत नसल्यामुळे काकांनी पैलवानांची बारशी स्वतःच केली होती. सोनेरी केसांचा, सगळ्यांचा लाडका, तो 'जावईबापू'. चामड्याची पँट घालून पंचाच्या पाठीमागे खुर्ची हाणणारा, तो 'कारभारी'. सगळा जीव कारभाऱ्यावर.

"पाहा जी, पाहा! पंच तिकडं पाहून राहिला, तवाच खुर्ची उचलली. याले म्हणते टायमिंग!" मग कारभाऱ्याला मार पडायला लागला की आणखीच खूश. "जावईबापूले काय, हात वर केला का झालं काम. कुस्ती मार खाणाराच रंगवते, बाई."

एक दिवस मी वैतागून म्हटलं, "काकाजी, खोटं असतं हे सगळं. कोण हरणार ते आधीच ठरलेलं असतं. पेपरात आलंय."

मला वाटलं, बिचाऱ्यांचं तोंड उतरेल. कसलं काय! उलट त्यांनाच माझी कीव आली.

"ठरवून तं लग्नबी होते. मंग ते का खोटं असते?"

माझं लग्न ठरवूनच झालेलं. मी गुपचूप चहा टाकायला गेले.

त्या चहावर मला कळलं की हा माणूस वीस वर्षं आमच्या भागातल्या झाडीपट्टी नाटकांत खलनायक होता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. काका कधी पाटलाचा कपटी कारभारी, कधी सुनेला घराबाहेर काढणारा दीर. बाया त्यांना उभ्याउभ्या शिव्या घालत, चपला फेकत. "एका मंडईत सात चपला आल्या, बाई. जोडी एकबी जमली नाही, नाहीतं घातली असती!" हे सांगताना तोंडावर असा आनंद की काय सांगू. चप्पल आली नाही त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

"मग सोडलं काऊन?" मी विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं. उर्मिलेला पाहायला आमगावहून माणसं आली होती. काकांनीच पाण्याचा तांब्या पुढे केला. मुलाच्या आईनं वर पाहिलं आणि ताडकन उठली. "अगो बाई! हा तं तोच! यानं मंडईत आपल्या भावजयीले भर सभेत काढलं होतं." लाख समजावलं, पण बाईंनी त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. माणसं गेली. उर्मिला रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, आता पुरे." काकांनी त्याच वर्षी तोंडाचा रंग पुसला. पुढे केशोरीचं जमलं, तेव्हा नाटकाचं नाव कोणी काढलं नाही. ती माहेरी आली की काका आमच्याकडे कुस्ती पाहायलाही येत नसत.

आणि एका कार्तिकात वडशाहून नाटक कंपनीचा मॅनेजर मोटारसायकलवर येऊन धडकला. त्यांच्या खलनायकाचा पाय मोडला होता. भूमिका काकांना तोंडपाठ. चार दिवसांनी प्रयोग. कुठे? केशोरीला!

काका नाही म्हणाले. मॅनेजर पाया पडला, तरी नाही.

संध्याकाळी कुस्तीला आले. कारभाऱ्याला उचलून आदळलं, तरी टाळी नाही. फक्त ओठ हलत होते. संवाद म्हणत होते हो ते! मला राहवेना.

"जीव तिकडं लागलाय, मग नाही कायले म्हणता?"

"तिच्या सासरचे येतीन नं मंडईले. एकडाव मोडलं तिचं माह्यापायी. आता भरला संसार हाय."

मी त्यांना न विचारता उर्मिलेला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. काकांनी पाच मिनिटं धानाची चौकशी केली. कापणी झाली का, चुरणं-मळणी झाली का, जावयाचा खोकला कसा आहे. शेवटी मीच फोन हिसकावला आणि सगळं सांगून टाकलं. उर्मिला म्हणाली, "बाबांले म्हणा, जावा." आणि फोन ठेवला. रागानं म्हणाली की मनापासून, ते काही मला कळलं नाही. काका रात्रभर झोपले नसावेत. भिंतीपलीकडून खाकरण्याचा आवाज येत होता.

केशोरीला मीही गेले. आग मी लावली होती, नाही कशी जाणार? बायांच्या बाजूला उर्मिला सासूशेजारी बसली होती. मी मागच्याच रांगेत, जीव मुठीत धरून.

काका आले. तोंडाला रंग, चिकटवलेली मिशी; क्षणभर मलाही ओळखू आले नाहीत. मिशीला पीळ देऊन असे हसले की शेजारची बाई कडाकडा बोटं मोडायला लागली. त्यांनी सुनेचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर लोटलं आणि मंडपभर शिव्यांचा गलका झाला. तेवढ्यात माझ्यापुढे एक बाई ताडकन उभी राहिली. हातात चप्पल.

"मुडद्या! तुहं वाटोळं होवो!" ओरडली ती उर्मिलाच, आणि तिनं चप्पल भिरकावली. ती बरोबर काकांच्या पायाशी जाऊन पडली. काकांनी खाली पाहिलं, समोर पाहिलं, आणि पाठ असलेला संवाद विसरले.

उर्मिला मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"अवं, नाटक हाय ते," सासू तिची पाठ थोपटत म्हणाली. "खोटं असते सारं. कायले रडून राहिली?"

"माहा बाप हाय तो."

सासूचा हात थांबला. "आन् मंग चप्पल कायले मारली?"

"त्यायले तेच आवडते."

म्हातारीनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे. मग वाकली आणि तिनं पायातली आपली चप्पल काढली.