ओमुरकुल आबांचा नेम

"लग्नात छातीवर हात मारून कोण म्हणालं होतं, 'व्याह्यांना रानबोकड खायला घालीन' म्हणून?" कणीक मळता मळता बुरुलने विचारलं.

"मीच म्हणालो." सागिनबाय नवीकोरी दुर्बीण बंदुकीवर बसवत होता.

"परवा लेकीच्या सासरची माणसं दारात उभी राहतील. बोकड अजून डोंगरावरच आहे."

"दुर्बीण लागू दे. मग बोकड पण येतो खाली."

दुर्बीण मुलाने मॉस्कोहून पाठवली होती. अशी दुर्बीण नुसती बंदुकीवर आवळून भागत नाही. आधी चार गोळ्या मारून बघायच्या, गोळी जिकडे सरकते ते पाहून दुर्बिणीवरच्या दोन चकत्या खटक्याखटक्याने फिरवायच्या, तेव्हा कुठे लांबचा नेम बसतो. काम तासाभराचं आणि एकट्या माणसाचं. सागिनबायची चूक एवढीच, की हे काम त्याने गावामागच्या ओढ्यात काढलं. नारिनच्या आमच्या डोंगरात हिवाळ्यात करमणूक अशी नसतेच. बंदुकीचा बार ऐकू आला की लोक त्याला आमंत्रण समजतात.

पलीकडच्या चढावर, तीनशे मीटरवर, त्याने जुन्या कढईचं झाकण उभं केलं होतं. पहिलीच गोळी झाकणाच्या कडेला लागली. आता दोन-तीन खटके फिरवले की काम फत्ते, असं तो मनात म्हणतोय तोच मागून खोकला आला. केंजेबाय आबा आणि त्यांच्याही वरचे, गावात सगळ्यांत वडील, ओमुरकुल आबा काठ्या टेकत आले होते.

"नवी वस्तू, आणि वडीलधाऱ्यांना न दाखवता वापरायला काढलीस?" ओमुरकुल आबांनी विचारलं.

यावर आमच्याकडे एकच उत्तर असतं. सागिनबायने बंदूक अदबीने दोन्ही हातांनी पुढे केली.

केंजेबाय आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि त्यांनी नेमका तोच दुर्बिणीला लावला. गोळी डावीकडे बर्फात गेली.

"डावीकडे ओढतेय रे तुझी दुर्बीण," आबा म्हणाले.

आबांचा डोळा ओढतोय असं म्हणायची छाती कुणाची? सागिनबायने चकती फिरवली. मग ओमुरकुल आबा पोत्यावर आडवे झाले. ते बार काढताना दोन्ही डोळे गच्च मिटतात आणि खांदा उडवतात. गोळी उजवीकडे, खाली.

"आता उजवीकडे ओढतेय. फिरव!"

"आबा, मी एकदा बघू का?"

"आधी नीट तर होऊ दे. बिघडलेल्या बंदुकीने तू काय बघणार?"

तो फिरवत राहिला. केंजेबाय आबांनीही दोन्ही चकत्यांना हात लावून घेतला. किती खटके कुठे गेले, कुणी मोजलं नाही. ओमुरकुल आबांची एक गोष्ट मात्र मानायला हवी, ते दर वेळी अगदी सारखेच दचकत होते. शेवटी त्यांची गोळी झाकणाच्या बरोबर मध्यावर बसली आणि झाकण खणखणत दगडावर पडलं. दोघांनी हात पसरून दुर्बिणीला आशीर्वाद दिला, तोंडावरून हात फिरवले आणि चहाला निघून गेले.

डब्यात दोन गोळ्या उरल्या होत्या. सागिनबायने एक मारून पाहिली. झाकणापासून बऱ्याच लांबच्या झुडपातून कावळे उडाले.

"जिल्ह्याच्या गावाला जाऊन गोळ्या आणायच्या तर खिंडीत बर्फ," घरी आल्यावर तो डोकं धरून बसला. "एकच गोळी आहे आणि दुर्बीण लागलीय म्हाताऱ्याच्या दचकण्याला. व्याह्यांपुढे नाक कापलं जाणार माझं."

"मग म्हाताऱ्यालाच घेऊन जा," बुरुल म्हणाली. ती टोमणा मारत होती. सागिनबायला तो उपाय वाटला.

दुसऱ्या दिवशी ओमुरकुल आबा दोन कोट चढवून घोड्यावर बसले आणि कड्यापर्यंत गुडघ्यांविषयी बोलत राहिले. दुपारी बोकड दिसला. अंतरही ओढ्यातल्याइतकंच. सागिनबायने आबांना खोगिरावर बंदूक टेकवून दिली.

"कुठाय?"

"तो काय, खडकापाशी."

"खडक कुठाय?"

सागिनबायने नळी बोकडाच्या दिशेला नेली. आबांनी दुर्बिणीतून पाहिलं, "हां, शिंगं दिसली," म्हणाले, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि खांदा उडवून बार काढला. बोकड जागच्या जागी कोसळला. सागिनबायच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज राखली म्हाताऱ्याने!

पण ज्याचा बार त्याची शिकार. आणि परतणाऱ्या शिकाऱ्याला वाटेत कुणी "शिराल्गा!" म्हणून हाक दिली, की त्याला वाटा द्यावाच लागतो. ओमुरकुल आबांनी जन्मभर दुसऱ्यांना अशा हाका दिल्या होत्या. आज प्रथमच हाक त्यांना येत होती. पहिल्या मेंढपाळाला त्यांनी पुढचा पाय दिला. दुसऱ्याला दुसरा. एकाने तर हाकही दिली नव्हती, त्याला आबांनी थांबवून बरगड्या दिल्या.

"आबा, व्याह्यांपुरतं तरी राहू द्या हो!"

"गप रे. शिकाऱ्याने हात आखडला की पुढची शिकार हुकते."

खिंडीच्या तोंडाशी बर्फ हटायची वाट बघत एक मोटार उभी होती. सागिनबाय तोंडाला मफलर गुंडाळून, वाकून घोड्याच्या खुरातलं बर्फ काढत होता. त्याने मान वर करेपर्यंत मागचे दोन्ही पाय मोटारीत गेले होते. घरी पोचली ती शिंगं.

दुसऱ्या दिवशी खिंड मोकळी झाली आणि व्याही आले. बुरुलने मुकाट्याने मेंढा शिजत ठेवला होता. रीत म्हणून ओमुरकुल आबांना बोलावून वरच्या मानाच्या जागी बसवलं होतं. सागिनबाय काय सबब सांगावी याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात व्याही दुइशोन यांनी कापडात गुंडाळलेल्या दोन तंगड्या पुढे केल्या.

"रानबोकड! तुम्ही खायला घालणार होतात, पण म्हटलं, या बर्फात कुठे जमतंय तुम्हाला. खिंडीत एक जबरदस्त शिकारी भेटला, त्याने..." बोलता बोलता त्यांची नजर वर गेली. "अहो, हेच ते!"

"बसा, बसा," ओमुरकुल आबा म्हणाले.

"आणि तुमचा तो गडी कुठाय, आबा? घोड्याचे खूर साफ करत होता तो?"

आबांनी सागिनबायकडे पाहिलं. सागिनबायने पातेल्याकडे पाहिलं.

"आहे इथंच," आबा म्हणाले. "पोरगा कामाचा आहे. पुढच्या हिवाळ्यातही नेईन म्हणतोय त्याला. फक्त त्या दुर्बिणीला तेवढा हात लावू देऊ नका."