बरणीचं झाकण आणि सासूबाईंची लस

सासूबाईंना लस टोचून घ्यायला लावणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं थर्मामीटरबाईंनी नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं. थर्मामीटरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाळ झाल्यापासून घरात कुणी शिंकलं रे शिंकलं, की ती त्याच्या काखेत थर्मामीटर खुपसायची, म्हणून नवऱ्याने बहाल केलेली ती पदवी. कॉलेजने दिलेली दुसरी पदवी घरात कुणी विचारत नव्हतं.

काळजीला कारण होतं, नाही असं नाही. सासूबाईंना जुनाट संधिवात. त्यावरच्या गोळ्यांनी सांधे शांत राहत, पण सांध्यांबरोबर अंगातली प्रतिकारशक्तीही पेंगत असे. मागच्या थंडीत एका फडतूस सर्दीने त्यांना उचलून थेट इस्पितळाच्या खाटेवर नेऊन टाकलं होतं. "यंदा फ्लूची लस घ्या, आणि पुढच्या भेटीत न्यूमोनियाची," असं डॉक्टरीणबाई कानीकपाळी ओरडत होत्या. पण सासूबाईंचा विश्वास दवाखान्याच्या आतल्या खोलीपेक्षा बाहेरच्या बाकांवर जास्त!

त्या बाकांवरचे कुलगुरू म्हणजे शिंपीकाका. बोटं वाकडी झाली म्हणून शिवणयंत्र सुटलं, पण जीभ अजून मिनिटाला शंभर टाके घालायची.

"वहिनी, लस घेतली की सांधे पेटतात! माझ्या साडूच्या शेजाऱ्याच्या विहीणबाई सकाळी टोचून आल्या, संध्याकाळी चमचा उचलवेना!"

या विहीणबाईंना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पण सगळ्या बाकांनी एकसुरात "अरे बापरे!" केलं.

थर्मामीटरबाईंनी समजावलं, तक्ते दाखवले, डोळ्यांत पाणी आणलं. शेवटी सासूबाईंनी अट घातली.

"ठीक आहे, घेते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साखरेच्या बरणीचं झाकण मला उघडता आलं नाही ना, तर पुन्हा या घरात लसीचं नाव काढायचं नाही!"

फ्लूची लस झाली. नवरा घरीच होता, प्लंबर यायचा होता म्हणून. दवाखान्यातून परत येताना थर्मामीटरबाई मनात हिशेब मांडू लागल्या. लसीने दंड थोडा दुखतो, अंग कसकसतं, हे तिला ठाऊक होतं. आणि उद्या नेमकी बोटं आखडलेली असली तर? न्यूमोनियाच्या लसीवर पाणीच!

मग तिने ते केलं, जे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. सासूबाई आडव्या झाल्यावर तिने घरातलं एकूण एक झाकण सैल केलं. साखर, चहा, पीठ, मुरांबा, अगदी खोबरेल तेलसुद्धा! मलमाच्या डब्याचंही सोडलं नाही.

सकाळी सासूबाईंनी बरणीला हात लावला मात्र, झाकण टुणकन हातात! चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. झाकण ओट्यावर ठेवून त्या न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या त्या एखादी निवडणूक जिंकल्यासारख्या.

"अगं, बोटं मोकळी झाली! लसीने वात पळाला!"

"आई, लस वातावर नसते हो, ती फ्लूसाठी..."

"तू गप्प बस. बोटं माझी आहेत!"

आणि त्यांनी शिंपीकाकांना फोन लावला. झालं! आग लागायला एक काडी पुरते, इथे तर अख्खी पेटी पडली होती.

पुढच्या भेटीला दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डावा गुडघा, उजवा खांदा, मान, कंबर, सगळे हजर! "वात पळवायची लस आली का?" असं जो तो सिस्टरला विचारत होता. सिस्टर रडकुंडीला आलेल्या. लसीला घाबरणाऱ्या लोकांना समजावून सांगण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. लसीवर तुटून पडणाऱ्यांचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

थर्मामीटरबाई मनातून खूश होत्या. निदान टोचून तर घेतील! तेवढ्यात सासूबाईंनी पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढली आणि शिंपीकाकांसमोर धरली.

"आता या कशाला? आजपासून बंद! एक लस अजून घेतली की उरलासुरला वातही जाईल."

थर्मामीटरबाई ताडकन उठल्या. गोळ्या बंद म्हणजे महिन्याभरात सांधे लाकूड!

"आई, नको!" ती भर बाकांत ओरडली. "झाकणं मी सैल केली होती! सगळी! लसीने काही झालं नाही हो!"

सुई पडली असती तरी ऐकू आलं असतं. आणि दवाखान्यात सुयांना काय तोटा!

सासूबाईंनी सुनेकडे शांतपणे पाहिलं.

"झाकणं? अगं, या घरात आल्यापासून तू एक तरी झाकण घट्ट लावलंयस का? तुझ्या बरणीवर कोण विश्वास ठेवतो! मी खरी परीक्षा घेतली न्हाणीघरातल्या नळावर. तो नळ फिरवताना मला रोज देव आठवतो. त्या दिवशी एका बोटाने फिरला!"

गाडी लावून आलेला नवरा दारातच थबकला. "आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तो नळ... तू लस घ्यायला गेलीस ना, तेव्हा प्लंबरने आतून सगळा नवा करून दिला."

बाकांवरून एक लांब सुस्कारा निघाला. डॉक्टरीणबाई आवाज ऐकून बाहेर आल्या. सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, "म्हणजे लसीने वात बरा झाला नाही?"

"नाही."

"पण भडकलाही नाही?"

"तुम्हीच सांगा."

सासूबाईंनी बोटं उघडमीट करून पाहिली. मग गोळ्या परत पर्समध्ये ठेवल्या. "द्या मग ती न्यूमोनियाची."

थर्मामीटरबाईंनी देवाचे आभार मानले. थोडी घाईच केली. कारण डॉक्टरीणबाईंनी लगेच तिलाच विचारलं, "आणि घरातल्यांनीही फ्लूची घ्यायची म्हटलं होतं. तुम्ही घेतलीत?"

"माझी... म्हणजे... बाळाच्या गडबडीत..." खरं कारण असं, की सुई पाहिली की तिला घेरी यायची.

"अगंबाई!" सासूबाई उठल्या. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! बस इथे. मी धरते हात."

खुर्चीत बसून तिने डोळे गच्च मिटले. सगळे बाक दाराशी जमले. पुढच्याच क्षणी तिच्या तोंडून अशी किंकाळी फुटली, की दोन गुडघे काठीशिवाय मागे सरकले.

"अहो बाई," सिस्टर म्हणाल्या, "मी अजून कापूसच लावतेय!"

किंकाळी सुईची नव्हतीच. सासूबाईंनी धीर देताना तिची बोटं अशी आवळली होती, की पार पांढरी पडली.

"बघा!" सासूबाई त्या मुठीकडे पाहून हर्षाने ओरडल्या. "पकड आली की नाही?"

शिंपीकाकांनी तत्काळ बाही वर सारली. "सिस्टर, मलाही! वहिनींनी घेतली तीच!"

"घ्या, पण गोळ्या चालू ठेवायच्या!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. तोवर रांग जिन्यापर्यंत गेली होती.

खरं काय ते सांगायला थर्मामीटरबाईंनी तोंड उघडलं. मग रांगेकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदाच एक झाकण घट्ट लावलं. स्वतःच्या तोंडाचं.