गावंडे सरांची गुप्त भाषा

आमचे गावंडे सर मैदानावर पाऊल ठेवलं की हिंदी बंद करायचे. फाटकापर्यंत चहावाल्याशी अस्सल जबलपुरी हिंदी, आणि फाटकाच्या आत सगळा कारभार मराठीत. "ही आपली गुप्त भाषा आहे, समोरच्या टीमले समजत नाही," असं त्यांचं म्हणणं.

जबलपुरातल्या रांझीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही फुटबॉल अकादमी काढली. अकादमी म्हणजे एक मैदान, दोन गोलपोस्ट आणि गावंडे सर. मुलं जवळजवळ सगळी हिंदी बोलणारी. त्यांच्याकडून सरांनी 'डावीकडे', 'उजवीकडे', 'मागे' असे आठ-दहा शब्द घोटून घेतले होते. तरी आमचा गोलकीपर पांडे 'डावीकडे' म्हटलं की हमखास उजवीकडे झेपावायचा.

घरी मराठी असलेला मी एकटाच. म्हणून चौदाव्या वर्षी थेट पहिल्या अकरांत. हेडर मारताना मी डोळे मिटायचो, पण सरांची लांबलचक वाक्यं हिंदीत करून पुढे पोचवायचो. मुलं मला 'रेडिओ' म्हणायची. जागा मला पायांमुळे नाही, कानांमुळे मिळाली, अशी माझी पक्की समजूत होती.

युक्ती चालायची, हे मात्र खरं. सिव्हिल लाइन्सच्या एका टीमच्या कोचला वाटलं, सर शिव्याच देताहेत. त्याने तक्रार केली, तेव्हा सर रेफरीला शांतपणे म्हणाले, "भैया, मैं तो भगवान का नाम ले रहा हूँ." तो सामना आम्ही जिंकलो.

मग नागपूरच्या एका क्लबने खेळायला बोलावलं. पहिल्याच मिनिटाला सर रेषेवरून ओरडले, "बाबू, गोलकीपर पुढे येऊन राहिला, वरून टाक!" मी हिंदी करायला तोंड उघडायच्या आत त्यांचा गोलकीपर मागे सरकला. थोड्या वेळाने सर म्हणाले, "त्या सात नंबरचा डावा पाय कच्चा आहे." सात नंबरने वळून पाहिलं. "काका, इतकाही कच्चा नाही," तो म्हणाला.

तीस वर्षं जबलपुरात काढलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, की नागपुरात मराठी सगळ्यांनाच येते. माझ्याही नाही. आम्ही तीन-शून्य हरलो. मध्यंतरात सर समोरच्या पोरांच्या आईबापांत उभे राहून गप्पा छाटत होते, आणि इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र रडू येत होतं.

सामन्यानंतर मी विचारलंच. "सर, मराठी तो अब किसी काम की नहीं रही. पुढच्या मॅचला मला बाहेर बसवणार?"

"काहून बसवू? हिंदी करून सांगते म्हणून घेतलं का तुले? दहादा पडते आणि अकराव्यांदा धावते, म्हणून घेतलं."

माझा जीव भांड्यात पडला. सर बुटाची नाडी सोडत म्हणाले, "आणि ते गुप्त-बिप्त काही नव्हतं रे. तुझी काकू गेल्यावर घरी मराठीत बोलायले कोणी नाही राहिलं. म्हटलं, मैदानावर तरी बोलू."

सरांच्या बायकोला मी कधी पाहिलं नव्हतं. अकादमी त्या गेल्यानंतर निघाली होती. मला फार वाईट वाटलं. परतीच्या बसमध्ये मी मुलांना सोडून सरांच्या शेजारी जाऊन बसलो आणि माझ्या हिंदीमिश्रित मराठीत विचारलं, "काकू कशी होती?"

सर मग बोलायला लागले. सिवनी मागे पडलं, लखनादौन आलं, तरी आम्ही अजून त्यांच्या लग्नातच होतो.