नमुना पंखा

आमच्या तेलुक बाकुंग गावच्या नदीवर एकाच ताकदीची दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने पळतात, ही गंभीर बाब नवे जलवाहतूक अधिकारी सुप्रयित्नो यांच्या रुजू झाल्याच्या दिवशीच निदर्शनास आली. धक्क्यावर उभं राहून तळलेली केळी खात असताना त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

याचं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाण्यात फिरून बोट ढकलणारा कंपनीचा पंखा आमच्याकडे कोणी तसाच इंजिनाला लावत नाही. तो आधी शाहरानी लोहाराच्या ऐरणीवर जातो. "काय वाहणार? माणसं, भोपळे की नुसता रुबाब?" एवढं शाहरानी विचारतो आणि ठोकायला लागतो. जड माल असेल तर पात्यांचा पीळ जरा कमी करतो, म्हणजे इंजिन दम न टाकता बोट उचलतं. हलकी बोट असेल तर पीळ वाढवतो. पात्याची मागची कड किंचित आत वळवतो, मग ते पाणी घट्ट धरतं. गावात जितक्या बोटी, तितक्या तऱ्हांचे पंखे. "या नदीवर वेग आहे तो माझ्यामुळे. नदीचा त्यात काही हात नाही," असं शाहरानी चहाच्या टपरीवर रोज सांगायचा आणि चहाचे पैसे दुसऱ्याला द्यायला लावायचा.

सुप्रयित्नो साहेबांनी आदेश काढला : यापुढे सर्व पंखे कार्यालयातील नमुना पंख्याबरहुकूम असावेत.

आता नमुना हवा. कार्यालयात दुसरा पंखा नव्हता, म्हणून सरकारी गस्तीबोटीचाच काढून साहेबांच्या खुर्चीमागे लाल मखमलीवर टांगला. आधीच्या साहेबांच्या काळात ती बोट एका बुडालेल्या ओंडक्यावर आदळली होती. त्यामुळे पंख्याचं एक पातं वाळलेल्या केळीच्या पानासारखं मुरडलेलं होतं.

"साहेब, याचं एक पातं जरासं..." कारकून चाचरत म्हणाला.

"पंखा सरकारी आहे ना?"

"हो साहेब."

"मग इतरांची पाती चुकली आहेत."

गावातले सगळे चांगले पंखे शाहरानीच्या दारात येऊन पडले. शाहरानीने दोन दिवस तोंड पाडलं, तिसऱ्या दिवशी हातोडा उचलला. "वाकडं सरळ कोणीही करील," तो टपरीवर सांगू लागला, "सरळ पंखा नेमका सरकारी वाकडा करायला कारागीर लागतो."

बोटी हलू लागल्या. डुलणं वेगळं, ते नदीचं असतं. हे हलणं इंजिनापासून निघून फळ्यांतून चढायचं आणि माणसाच्या दाढांत जाऊन बसायचं. बोटीत बोललेलं प्रत्येक वाक्य थंडी वाजत असल्यासारखं ऐकू यायचं. सुरुवातीला लोकांनी शिव्या दिल्या. पुढे तपासनीस नावाचा एक गृहस्थ कार्यालयाच्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसला. प्रत्येक पंखा पाण्याबाहेर काढून बघणं त्याच्या गुडघ्यांना मानवत नव्हतं, म्हणून त्याने सोपी कसोटी काढली. जी बोट हलते ती कायदेशीर. जी हलत नाही ती जप्त.

या सगळ्यात खरी भरडली गेली ती मस्तोरामावशी. तिच्या बोटीत माणसं असतात, पण पोट चालतं ते बदकाच्या अंड्यांवर. वरच्या गावांतून उबवणीची अंडी भाताच्या पेंढ्यात ठेवून ती खाली उबवणी केंद्रांत पोचवते. हलत्या बोटीतून ती पोचली तेव्हा टोपल्यांत फक्त पिवळा चिखल होता. केंद्रवाल्यांनी तिला सांगितलं, पुढची खेप अशीच आली तर आम्ही दुसरीकडून घेऊ.

ती टोपली घेऊन थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"हे बघा, काय झालंय!"

"बोट हलते हे मान्य, मावशी. पण सगळ्या सारख्याच हलतात की नाही?"

"हलतात की."

"तेच तर या कार्यालयाचं यश आहे."

"आणि माझी अंडी?"

साहेबांनी विचार केला. "उकडून आणत जा."

"आणते ना! आणि उकडलेल्या अंड्यातून पिल्लू निघालं की पहिलं तुमच्या टेबलावर आणून ठेवते."

तिथून ती शाहरानीकडे गेली. "माझा पंखा होता तसा कर."

"करतो. तुझी बोट लोण्यावरून सुरी जावी तशी जाईल आणि धक्क्यावर जप्त होईल. मग अंडी डोक्यावर घेऊन पोहत जा."

मावशीने टोपली खाली ठेवली. "शाहरानी, त्या खुर्चीवरच्याला लांबून काय दिसतं रे? बोट हलतेय की आतली माणसं?"

शाहरानीने आयुष्यात प्रथमच बढाई न मारता तिचा पंखा ऐरणीवर घेतला आणि सरळ केला.

दुसऱ्या सकाळी मी त्याच बोटीत होतो. माझं कापडाचं दुकान खालच्या बाजारात आहे. बोट इतकी अलगद चालली होती की दोन म्हाताऱ्यांना इंजिन बंद पडल्यासारखं वाटलं. वळणावर मावशी ओरडली, "धक्का आला! हला!"

आम्ही हललो. पहिल्या खेपेला फार गोंधळ झाला. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. एका बाईने शेजाऱ्याच्या कपाळावर कपाळ आपटलं. मावशी स्वतः सुकाणू धरून खांदे असे उडवत होती की अंगात आलंय असं वाटावं. तपासनिसाने समाधानाने चहाचा कप उंचावला. पेंढ्यातलं एकही अंडं फुटलं नाही.

अशी गोष्ट लपत नाही. पावसाळा सरेपर्यंत नदीवरचे सगळे पंखे गुपचूप सरळ झाले आणि सगळे प्रवासी हलू लागले. हलण्यात लोक तरबेज झाले. जो मनापासून हलत नाही त्याच्याकडे शेजारी संशयाने बघू लागले. हा आपल्याला पकडून देणार की काय! लग्नाच्या बोलणीत "मुलगा घरंदाज आहे, हलतोही छान," असं सांगितलं जाऊ लागलं.

आणि एक दिवस सुप्रयित्नो साहेब मावशीच्या बोटीत येऊन बसले. प्रांताचे वरिष्ठ खालच्या बाजारात यायचे होते आणि गस्तीबोटीचा पंखा तर मखमलीवर. नाही कसं म्हणणार?

साहेबांनी चहाचा पेला फळीवर ठेवला. बोट निघाली, वेगात आली. पेल्यातला चहा आरशासारखा स्थिर. साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. मग मावशीकडे. बोट गेली तर तिचा अंड्यांचा धंदा, तिचं घर, सगळंच गेलं. आम्ही सगळे पेंढ्यातल्या अंड्यांसारखे बसलो होतो.

वळण आलं. साहेबांच्या देखत "हला" म्हणून मावशी ओरडणार कशी? समोर धक्क्यावर तपासनीस आपल्याच साहेबांना सलाम करायला उठून उभा राहिला होता आणि बोटीकडे टक लावून बघत होता.

साहेबांनी पेला उचलला आणि हलायला लागले.

काय हलले म्हणून सांगू! टोपी घसरली, चहा गणवेशावर सांडला, दात वाजले. आम्ही मागे राहतो की काय? धक्का मागे पडल्यावर त्यांनी रुमालाने छाती पुसली आणि म्हणाले, "वा मावशी! अगदी नियमाप्रमाणे चालवता हो बोट."

"तुमचीच कृपा, साहेब," मावशी म्हणाली.

वरिष्ठ खूश झाले. संपूर्ण नदीवर एकही तक्रार नाही, असं दुसरं ठिकाण त्यांनी पाहिलं नव्हतं. आता प्रांतातल्या प्रत्येक नदीला एकेक नमुना पंखा जाणार आहे आणि ते वाकडे करण्याचं काम शाहरानीला मिळालंय. मावशीची अंडी सुखरूप उबतात.

हे वाचताना "अगदी असंच चालतं बघा" म्हणत तुम्ही मान हलवली असेल. शाबास. जरा जोरात हलवा, धक्क्यावरून दिसली पाहिजे.