जबाबदार व्यक्ती: पुंजाराम

चिंतेवर एकवीस दिवसांत विजय मिळवायचे सुदर्शनने ठरवले, तेव्हा सर्वप्रथम त्याने एक तक्ता आखला. वाळूजच्या एका कारखान्यात गिअरचे दोष मायक्रॉनमध्ये मोजत त्याने नऊ वर्षे काढली होती. मोजता येत नाही असे काही जगात असते, हेच त्याला मान्य नव्हते!

"समुपदेशक कशाला हवा?" तो प्रेरणाला म्हणाला. "पहाटे चालणे, दुपारनंतर चहा बंद, दीर्घ श्वसन, वेळेवर झोप. एकविसाव्या दिवशी नाडी सत्तरच्या खाली आणून दाखवतो!"

"आणि नाही आली तर?"

"तर मुकाट्याने येईन तुझ्या समुपदेशकाकडे."

प्रेरणाने तत्काळ बाविसाव्या दिवशीची, सकाळी अकराची वेळ घेऊन टाकली. नवऱ्याच्या विज्ञानावर तिचा विश्वास होता. नवऱ्यावर किंचित कमी.

विसाव्या दिवशी मनगटावरच्या घड्याळाने नाडी अठ्ठ्याऐंशी दाखवली. नाडी मोजताना ती वाढते, हे ध्यानात आल्यापासून सुदर्शनला त्याचीही चिंता लागली होती.

उरला होता एकच उपाय: चिंतेची ठरावीक वेळ. दिवसभर येईल ती चिंता वहीत टिपायची, आणि सायंकाळी साडेपाच ते पावणेसहा मनसोक्त चिंता करायची. टिपण्याची सुदर्शनला एकच रीत ठाऊक होती. कारखान्यातला संभाव्य बिघाडांचा तक्ता! त्यात जबाबदार व्यक्ती आणि मुदत यांचे रकाने रिकामे ठेवणे हा कारखान्यात गुन्हाच. आता स्वतःच्या हृदयाची जबाबदारी कोणावर टाकावी? बराच विचार करून त्याने आपल्या ओळखीतला सर्वांत भरवशाचा माणूस निवडला, म्हणजे वैजापूरचे सासरे. नोंद अशी झाली:

'बिघाड: हृदय अचानक बंद पडणे. तीव्रता: १०. शक्यता: २. जबाबदार: पुंजाराम. मुदत: रविवार, सायं. ५.३०.'

पुरा झालेल्या तक्त्याची प्रत जबाबदार व्यक्तीला जायलाच हवी. नऊ वर्षांच्या सवयीचा हात. त्याने डोक्याची परवानगी घेतलीच नाही. एकविसाव्या दिवशी, रविवारी पावणेचारला तक्त्याचा फोटो 'माहितीसाठी व तातडीच्या कार्यवाहीसाठी' वैजापूरला रवाना झाला. त्यानंतर, मोबाइलपासून विश्रांती या आठव्या नियमानुसार, सुदर्शनने दोघांचेही फोन पिठाच्या डब्यात ठेवले आणि तो श्वसनासाठी सतरंजीवर आडवा झाला.

पाच वाजून वीस मिनिटांनी बजाजनगरच्या त्या इमारतीखाली जीप करकचून थांबली. जिना चढून सात माणसे आत आली. सर्वांत पुढे पुंजाराम, मागोमाग पदर तोंडाला लावलेल्या सासूबाई द्वारकाबाई, आणि खांद्यावर कसलेसे भले मोठे नळकांडे घेतलेला मेहुणा इंद्रजीत. सुदर्शन डोळे मिटून निश्चल पडलेला!

"गेलं गं बाई!" द्वारकाबाईंनी हंबरडा फोडला.

सुदर्शन ताडकन उठून बसला. द्वारकाबाई दुसऱ्यांदा किंचाळल्या.

"जावईबापू," पुंजाराम धापा टाकत म्हणाले, "तारीख-येळ लिहून कुणी जातं व्हय? आन् जबाबदार म्हणून माझं नाव! पोलिसांनी काय समजावं?"

"मामा, ती फक्त शक्यता आहे. दहापैकी दोन!"

"दोन तरी कशाला ठिवली?"

"दाजी, फोन का नाय उचलला? एकतीस येळा लावला!" इंद्रजीत म्हणाला. "येताना शेजारच्या डॉक्टरकडून ऑक्सिजन बी आणला. जनावरांचा हाय, पण चालतोय."

पुंजारामांनी सुदर्शनचे मनगट पकडले. "हे काय आवळून बांधलंय? रक्त कसं फिरंल?" असे म्हणून त्यांनी घड्याळ सोडले आणि हरवू नये म्हणून आपल्याच हातात चढवले.

स्वयंपाकघरातून द्वारकाबाईंचा आवाज आला. "अगं प्रेरणा, पिठात फोन हायेत गं! लई वाढलंय याचं!"

पुढचे दोन तास घरात जत्रा भरली. पिठलं-भाकरी झाली, वर ठेचा झाला. जनावरांच्या ऑक्सिजनवरून इंद्रजीतची यथेच्छ टिंगल झाली. आपल्या प्रत्येक चिंतेवर सात माणसे पोट धरून हसत आहेत, हे पाहून सुदर्शनलाही हसू आवरेना. साडेपाच कधी वाजून गेले, त्याला कळले नाही. 'दुपारनंतर चहा नाही' हा नियम तिसऱ्या कपापर्यंत पार मोडीत निघाला.

आठ वाजता त्याने पीठ झटकून फोन उघडला, आणि आनंदाने ओरडलाच. "बासष्ट! प्रेरणा, पावणेसहापासून सलग बासष्ट! एकवीस दिवसांतला नीचांक! मी जिंकलो!"

प्रेरणाने त्याच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिले. मग तिने सोफ्याकडे बोट दाखवले. तिथे पुंजाराम समाधानाने डुलक्या घेत होते, आणि त्यांच्या मनगटावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आबा, घड्याळ!"

"आं? माझ्याकडंच हाय की. लई हलकं हाय."

सुदर्शनने वही ओढली आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत नवी नोंद केली: 'समुपदेशकाकडे जाणे. मुदत: सोमवार, सकाळी ११.' जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात तो स्वतःचे नाव लिहिणार, तोच पुंजाराम डोळे न उघडता म्हणाले,

"तिथं माझंच नाव ऱ्हाऊ द्या. नाय तर तुम्ही उद्या अकराला बी फोन पिठात घालून झोपताल."